देवाच्या चित्राचं कच्चं रेखाटन कसं वाचावं: नवख्यांसाठी पायरी-पायरीनं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात चित्रांवर जीव असणारी मुलंमुली पुष्कळ आहेत. शाळेत लोअर-हायर ड्रॉइंगच्या परीक्षा दिलेल्या असतात, गणपतीत मंडळाचा देखावा रंगवलेला असतो. मग कधीतरी मोबाइलवर इटलीच्या लिओनार्दो दा विंचीचं किंवा जर्मनीच्या ड्यूररचं पाचशे वर्षांपूर्वीचं एखादं रेखाटन समोर येतं. प्रसंग ख्रिस्ती, माणसं अनोळखी, कागद डागाळलेला, अर्धे अवयव काढलेलेच नाहीत. खाली लोकांनी 'काय भाव आहेत!' असं लिहिलेलं असतं. ते भाव नेमके कुठे आहेत हे मात्र कुणी सांगत नाही.

मी ही वाट चाचपडत चाललो आहे. जे हाती लागलं ते इथे क्रमानं मांडतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. धार्मिक चित्राची तयारी करताना चित्रकाराच्या समोर संत नसतो. समोर असतो कारखान्यातला शिकाऊ पोरगा, एखादा शेजारी, किंवा आरशात दिसणारा स्वतःचाच हात. प्रभावळ, निळं वस्त्र, सोनं हे सगळं नंतर चढतं. रेखाटनाच्या कागदावर अजून फक्त माणूस असतो, अवघडून बसलेला, कुणाकडे तरी बघणारा. आपल्याला त्याला गाठायचं आहे.

जवळ काय हवं

- संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचं चित्र, जे मोठं करून बघता येतं. फॉरवर्ड होऊन आलेलं चालणार नाही.
- त्याच चित्राची ए-थ्री मापाची छपाई, साध्या मॅट कागदावर. चकचकीत फोटो पेपर घेऊ नका. उजेड चमकतो आणि बारीक रेघा हरवतात.
- चारकोलच्या दोन-तीन कांड्या, एक लाल-तपकिरी खडू, एक पांढरा खडू.
- पुस्तकांना कव्हर घालतो तो खाकी कागद.
- मीटर टेप, आरसा आणि वही.
- मराठी बायबल, निदान नवा करार. बायबल घरी ठेवणारी ख्रिस्ती कुटुंबं बेळगावच्या कॅम्पात आणि खानापूर तालुक्यात आहेत. ओळख असेल तर त्यांच्याकडूनच गोष्ट ऐका, कारण ते ती श्रद्धेनं सांगतात आणि त्या सांगण्यातच अर्धी उकल होते.

1. एकच रेखाटन निवडा

एका बैठकीत वीस चित्रं चाळली तर काहीच हाती लागत नाही. सुरुवातीला मी लिओनार्दोचं एक मोठं रेखाटन सुचवतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, 1500 च्या आसपासचं. कोळशानं काढलेलं, उजळ भागांवर पांढरा खडू. त्यात चौघं आहेत: मरीया, तिची आई संत अ‍ॅन, बाळ येशू आणि लहानगा योहान, जो पुढे बाप्तिस्मा करणारा योहान म्हणून ओळखला गेला. चित्राच्या पूर्ण मापात केलेल्या अशा रेखाटनाला कार्टून म्हणतात. या कार्टूनवरून लिओनार्दोनं रंगवलेलं चित्र आज कुठेच नाही, त्यामुळे आपलं सगळं लक्ष कागदावरच राहतं. नवख्याला हे सोयीचं पडतं.

2. गोष्ट आधी माहीत करून घ्या

कोण कुणाचं कोण आणि प्रसंगात पुढे काय होणार, एवढं कळलं तरी पुरे.

इथे एक खड्डा आहे. संत अ‍ॅन बायबलमध्ये सापडणार नाही. मरीयेच्या आईची कथा बायबलबाहेरच्या जुन्या परंपरेतून आली आहे. येशू आणि योहान लहानपणी भेटले हेही शुभवर्तमानांत, म्हणजे नव्या करारातल्या येशूच्या चरित्रांत, नाही. नवा करार उलटून पालटून डोकं धरून बसू नका. आपल्याकडेही देवाच्या कितीतरी गोष्टी पोथीत नसतात, कीर्तनात असतात.

3. खऱ्या मापात बघा

ही पायरी लोक हमखास गाळतात. कार्टूनचं माप आहे 141.5 बाय 104.6 सेंटिमीटर. टेप घेऊन भिंतीवर खडूनं तेवढा चौकोन आखा आणि त्याच्यासमोर उभे राहा. आतली माणसं जवळजवळ आपल्याएवढी आहेत हे लगेच कळेल. एवढा मोठा कागद तेव्हा मिळत नसे, म्हणून आठ कागद चिकटवून तो केला आहे. छपाईत बारकाईनं बघा, जोड दिसतील.

याउलट मायकेलअँजेलोनं व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलच्या छतावरच्या लिबियन सिबिलसाठी (सिबिल म्हणजे भविष्य सांगणारी बाई) लाल खडूनं केलेला अभ्यास न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे, तो 30 सेंटिमीटरसुद्धा उंच नाही. छतावर ती बाई अवाढव्य आहे आणि कागदावर मांडीवर मावेल एवढी. मांडीवर ठेवून काढलेल्या चित्रातली जवळीक वेगळी असते. मोबाइलवर दोन्ही एकाच मापाची दिसतात आणि हा फरकच मरतो.

4. चेहरा झाका, भार कुठे आहे ते बघा

छपाईवर चेहऱ्यांच्या जागी कागदाचे तुकडे ठेवा. खरंच ठेवा. आपली नजर आधी डोळ्यांवर आणि ओठांवर जाते, 'शांत', 'दैवी', 'सात्त्विक' असा एखादा तयार शब्द उचलते आणि बघणं तिथंच थांबतं.

चेहरे झाकल्यावर एकच प्रश्न विचारा: या अंगाचा भार कशावर आहे?

कार्टूनमध्ये मरीया आईच्या मांडीवर बसली आहे. चांगली वाढलेली, लेकुरवाळी बाई, आणि तिचं वजन आईच्या पायांवर आहे. तिच्या कुशीतलं बाळ मात्र आपलं वजन पुढे, योहानाच्या दिशेनं टाकतंय. आईनं त्याला धरलंय, पण ते तिच्या हातून निसटून पुढे चाललंय. म्हणजे भार आजीकडून लेकीकडे, लेकीकडून बाळाकडे आणि बाळाकडून बाहेर, असा वाहत जातो. बाळ पुढे कुठे जाणार आहे हे गोष्ट माहीत असणाऱ्याला ठाऊक असतं. क्रूस दाखवायची गरज पडत नाही. अंगाचा तोल बघितला की पोटात गोळा येतो.

लिबियन सिबिलच्या कागदावर तर भाराचा अभ्यासच मांडला आहे. पाठ वळलेली, अंग पिळलेलं, आणि सगळं वजन पायाच्या बोटांवर आलेलं. मायकेलअँजेलोनं ती बोटं कागदाच्या कोपऱ्यात पुन्हा काढून बघितली आहेत. समोर बसलेला मॉडेल पुरुष होता, बाई नव्हे. अंगठ्यावर जोर आला की तो कसा दबतो, हे त्याला त्या पोराच्या पायात दिसलं. भविष्य सांगणाऱ्या सिबिलचा ताण तिथून आला.

स्वतः करून बघा. दार लावा, आरसा ठेवा आणि त्या माणसासारखे बसा. पिळलेल्या अंगानं जड ग्रंथ उचलल्यासारखे हात करा. कुठे ओढ बसते, श्वास कुठे अडकतो, ते वहीत लिहा. हे न करता भावनेबद्दल लिहिलेलं बहुतेक सगळं पोकळ निघतं, असं माझं ठाम मत आहे.

5. हात

आता आल्ब्रेश्ट ड्यूररचे 'प्रार्थनेचे हात'. 1508 चं काम, निळ्या कागदावर कुंचल्यानं केलेलं, व्हिएन्नाच्या आल्बेर्टिना संग्रहालयात आहे. कॅलेंडरांवर, भेटकार्डांवर ते इतकं छापलं गेलंय की सगळ्यांना ते पूर्ण चित्रच वाटतं. फ्रँकफर्टचा व्यापारी याकोब हेलर याच्यासाठी ड्यूररनं चर्चमधल्या वेदीचं एक मोठं चित्र केलं. त्यातल्या एका प्रेषिताचे, म्हणजे येशूच्या खास शिष्याचे, हे हात. त्या चित्राचा मधला फलक 1729 साली म्युनिकमध्ये आगीत जळाला. आज त्याची नक्कल आहे आणि हे हात आहेत.

नमस्काराचे हात आपल्याला नवीन नाहीत, म्हणून इथे आपण युरोपियन बघणाऱ्यापेक्षा चार पावलं पुढे आहोत. आधी तुमचे तळवे जोरात दाबून हात जोडा. बोटं मागे वाकतात, नखं पांढरी पडतात. आता सैल जोडा, तळव्यांमध्ये हवा राहील असे. मग ड्यूररकडे बघा. बोटांची टोकं टेकली आहेत, तळव्यांत पोकळी आहे. हातांवर शिरा आहेत, बाहीची कड दुमडलेली आहे. हे काम केलेले हात आहेत. त्यांत गयावया नाही. मला ते देवाकडे काही मागणाऱ्यापेक्षा वाट बघणाऱ्या माणसाचे वाटतात. तुम्हाला वेगळं वाटलं तर हरकत नाही, फक्त बोट कागदावर ठेवून 'इथे' असं दाखवता आलं पाहिजे.

6. नजरांच्या रेघा ओढा

आता चेहऱ्यांवरचे तुकडे काढा. लाल पेन्सिल घ्या आणि प्रत्येकाच्या डोळ्यांपासून तो जिकडे बघतोय तिथपर्यंत सरळ रेघ ओढा.

लिओनार्दोच्या कार्टूनमध्ये अ‍ॅन मरीयेकडे बघते. मरीया बाळाकडे बघते. बाळ योहानाकडे, आणि योहान बाळाकडे. आता नीट बघा: अ‍ॅनच्या नजरेला उत्तर मिळालेलं नाही. तिची लेक तिच्याकडे बघतच नाही.

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक बाळाला घेऊन बसलेली असते, तेव्हा सगळे पाहुणे बाळाकडे बघतात. तिची आई मात्र लेकीकडे बघत असते: ही नीट जेवली का, हिचे डोळे का ओढलेत. अ‍ॅनच्या डोळ्यांत मला तेच दिसतं. लिओनार्दोनं तिच्या डोळ्यांभोवती कोळशाची गडद सावली धरली आहे आणि मरीयेचा चेहरा मऊ, उजळ ठेवला आहे. दोघींची डोकी जवळजवळ एकाच उंचीवर आहेत, वयातलं अंतरही फारसं दाखवलेलं नाही. आईपण दोघींचंही आहे. मात्र एकीला पुढचं काहीतरी कळलंय आणि दुसरीला अजून ते बघायचं नाही.

चेहऱ्यावरचा भाव शेवटी बघा म्हणतो तो यासाठी. भार, हात आणि नजर यांतून तो आधीच अर्धा वाचून झालेला असतो. चेहरा तुम्हाला फक्त दुजोरा देतो किंवा तुमचा अंदाज मोडतो.

7. पुन्हा गिरवलेलं आणि सोडून दिलेलं

याच गटासाठी लिओनार्दोनं केलेला एक छोटा शाईचा कागद ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर रेघांवर रेघा इतक्या चढल्या आहेत की मधला भाग काळाकुट्ट झालाय. बाजूला चाकांसारख्या यंत्रांची चित्रं आहेत. कुणाचं डोकं कुठे झुकावं हे तो कागदावरच शोधत होता. जिथे रेघ सगळ्यात जास्त वेळा गिरवलेली दिसेल तिथे खूण करा. चित्रकाराची घालमेल तिथे होती.

याच्या उलट, मोठ्या कार्टूनमध्ये अ‍ॅनचा आकाशाकडे बोट दाखवणारा हात नुसत्या बाह्यरेषेत आहे, जवळजवळ रिकामा. देवाची इच्छा सांगणारा हात अपुरा आणि माणसांचे चेहरे पूर्ण. यावर मोठमोठे अर्थ काढायचा मोह होतो. थोडा आवरा. कामाचा क्रमही तसा असू शकतो. अपुरं राहिलेलं सगळंच हेतूनं सोडलेलं असतं असं नाही, आणि नवख्या बघणाऱ्याची गाडी सगळ्यात जास्त वेळा इथेच घसरते.

आणखी काही खड्डे, थोडक्यात:

- कागदाचा पिवळेपणा आणि शाईचा तपकिरी रंग यांना उदासी समजू नका. मायफळ आणि हिराकस यांची शाई काढताना काळपट होती. काळानं ती तपकिरी झाली.
- रेघेवर टोचल्यासारखे ठिपके दिसले तर ते छापा उतरवण्याचे. मूळ रेखाटनाला सुईनं टोचून वर कोळशाची पूड थोपटायची, की खालच्या कागदावर किंवा भिंतीवर ठिपके उमटतात. भरतकामाची नक्षी कापडावर उतरवणारे कारागीर आजही टोचलेला कागदच वापरतात. लिओनार्दोच्या या कार्टूनच्या रेघा टोचलेल्या नाहीत.
- मोबाइलवर काँट्रास्ट वाढवू नका. सावली गडद झाली की कुठलाही चेहरा दुःखी दिसतो.

8. पूर्ण झालेल्या चित्राशी ताडून बघा

यासाठी राफाएलचं रेखाटन घ्या: दोन प्रेषितांची डोकी आणि हात, काळ्या खडूनं काढलेली, ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात. एक तरुण, एक दाढीवाला म्हातारा. हे 'रूपांतर' या त्याच्या शेवटच्या मोठ्या चित्रासाठी होतं. राफाएल 1520 साली, 37 व्या वर्षी गेला. चित्र व्हॅटिकनमध्ये आहे.

गोष्टीसाठी मत्तयच्या शुभवर्तमानाचा 17 वा अध्याय वाचा. वर डोंगरावर येशू तेजानं उजळलाय. खाली एक बाप आपल्या आजारी पोराला घेऊन आलाय, आणि शिष्यांना त्याला बरं करता येत नाही. रेखाटनातले दोन प्रेषित त्या शिष्यांपैकीच, चित्रात ते खालच्या गर्दीत आहेत. तिथे रंग आहेत, वरचं तेज आहे, ओरडणारे लोक आहेत. कागदावर फक्त हे दोघं उरतात, ज्यांच्याकडे मदत मागितली गेली आणि ज्यांना ती देता येत नाही. तरुणाची झुकलेली मान आणि खाली ते हात पुन्हा बघा. खडूच्या रेघेखाली ठिपके दिसतील. रेघ ठिपक्यापासून जिथे सरकली आहे, तिथे राफाएलनं त्या माणसाचा नव्यानं विचार केलाय.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं. लिओनार्दोच्या 'शेवटच्या भोजना'साठी (तुमच्यातलाच एक माझा घात करील, असं येशू शिष्यांना सांगतो तो प्रसंग) केलेलं प्रेषित याकोबाच्या डोक्याचं रेखाटन इंग्लंडच्या विंडसरमधल्या राजसंग्रहात आहे, लाल खडूचं. मिलानमधलं भित्तिचित्र त्यानं कोरड्या भिंतीवर रंगवलं आणि ते लवकरच खराब होऊ लागलं. त्या तोंड उघडलेल्या तरुणाला बसलेला धक्का आज भिंतीपेक्षा कागदावर जास्त जिवंत आहे.

9. आपल्या गावात सराव

लिओनार्दोनं टिपणांत लिहून ठेवलंय की चित्रकारानं माणूस आणि त्याच्या मनातलं दोन्ही काढायचं असतं, दुसरं अवघड, आणि ते मुक्या माणसांच्या हातवाऱ्यांवरून शिकावं. हे शिकायला मिलानला जायची गरज नाही.

पहिली जागा, गणपतीच्या मूर्तीचा कारखाना. डोळ्यांची आखणी व्हायच्या आधी जा. मूर्तिकाराला विचारा, "काका, आखणीच्या आधी थोडा वेळ बसून बघू का? कामात येणार नाही." डोळे नसलेल्या मूर्तीकडे बघून लिहा: बसणं सैल आहे की ताठ, हात देतोय की थांबवतोय. मग आखणी झाल्यावर पुन्हा जा आणि आधीचं लिहिलेलं वाचा.

दुसरी जागा, दिंडी. आषाढीला आपल्या भागातून पंढरपूरला निघणाऱ्या दिंड्यांत विसाव्याच्या वेळी बसा. एकमेकांच्या पाया पडताना वाकलेल्या पाठी, मृदंग उतरवून ठेवलेला खांदा, पाय चोळणारे हात. खाकी कागदावर कोळशानं झटपट काढा, चेहरे सोडून द्या. जवळून काढायचं असेल तर आधी विचारा: "मावशी, तुमच्या हातांचं चित्र काढू का?" बहुतेक जणी हसून हात पुढे करतात. पुढे केलेला हात मात्र पोझ देतो, म्हणून त्या विसरेपर्यंत थांबा आणि मग काढा. सौंदत्तीच्या यल्लमाच्या डोंगरावर जत्रेतही हेच करता येईल, पण गर्दी फार असते. वही छोटी न्या.

बेळगावला या कामाची परंपरा आहे. के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली इथेच रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार घडले. जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या वह्या बघायला मागा. पुरी झालेली चित्रं ते आपणहून दाखवतील. तुम्ही कच्च्या कामाचा आग्रह धरा.

10. मूळ कागद बघायची संधी

मोठ्या संग्रहालयांत रेखाटनं कायम टांगलेली नसतात, कारण उजेडानं कागद आणि शाई बिघडतात. पण ब्रिटिश म्युझियमसारख्या ठिकाणी रेखाटनांची अभ्यासिका असते आणि आधी वेळ ठरवून कागद समोर बसून बघता येतो. शिकायला परदेशी गेलेलं घरचं कुणी असेल तर त्यांना सांगा. फोटो असलेलं ओळखपत्र आणि रेखाटनाचा संग्रह क्रमांक जवळ हवा, लिहायला पेन्सिल. अशा अभ्यासिकांत पेन चालत नाही.

जवळचं म्हणाल तर सातारा जिल्ह्यातलं औंधचं श्री भवानी संग्रहालय. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही आहे. कार्टूनचा अभ्यास झाल्यावर त्या शिल्पासमोर उभं राहून चौथी पायरी करून बघा. कोल्हापूरचं टाऊन हॉल म्युझियम वाटेतच पडतं. दोन्हीकडे निघण्यापूर्वी सुट्टीचा वार विचारून घ्या, आणि वहीत रेखाटायला परवानगी लागते का तेही.